नव्या गाडीचा रंग आणि चाकं : पहिल्या दिवसापासून काय करावं

अनेक शोरूममध्ये डिलिव्हरीच्या सकाळी एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. तुमची गाडी तिसरी असेल, तर आधीच्या दोन गाड्यांची धूळ त्या फडक्यात असतेच. हार घालून, फोटो काढून गाडी घरी येते. आठवड्याभरात कडक उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहिलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाड्यांवर ते लगेच उठून दिसतात. पांढऱ्या-चंदेरी गाड्यांवरही असतात, फक्त लपतात.

म्हणून काळजीची सुरुवात बुकिंगच्या वेळीच करा. सेल्सच्या माणसाला लेखी मेसेज टाका: "डिलिव्हरीआधी गाडी धुवू नका, पुसू नका, पॉलिश मारू नका. धूळ असली तरी चालेल." बाहेरचं संरक्षक प्लास्टिक तुम्ही आल्यावरच काढायला सांगा. गाडी ताब्यात घेण्याआधी एकदा दिवसाउजेडी पाहून घ्या. ट्यूबलाइटखाली रंगातले दोष दिसत नाहीत.

एवढं कशाला, असं वाटत असेल तर रंगाची जाडी लक्षात घ्या. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, असे सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40 ते 50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी तकाकी त्याच थरात असते. ओरखडे घालवायला पॉलिश मारलं की हाच थर थोडा थोडा घासला जातो आणि तो परत येत नाही. सर्व्हिसिंगला गेल्यावर "साहेब, रबिंग-पॉलिश करून देऊ का, मस्त चमकेल" असं विचारतात, तेव्हा नव्या गाडीला स्पष्ट नाही म्हणा.

पूजेचं काय?

पूजा जरूर करा, फक्त थोडं जपून. कुंकू पाण्यात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, तर कुंकवातला रंग क्लिअर कोटमध्ये उतरून गुलाबी छटा मागे राहू शकते. पांढऱ्या गाडीवर हळदीचंही तेच. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काचेवरून डाग सहज निघतो. बॉनेटवरच हवं असेल तर पूजा झाल्यावर तासाभरात भरपूर पाण्याने धुवून टाका, कोरड्या रुमालाने पुसू नका. हार तारेत ओवलेला असेल तर ती तार बॉनेटवर घासली जाते, तेव्हा दोऱ्यातला हार घ्या आणि तो रात्रभर गाडीवर ठेवू नका. ओल्या झेंडूचाही डाग पडतो. नारळ गाडीपासून दोन पावलं लांब फोडा. चाकाखालच्या लिंबाचा रस अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूच्या चाकावर, उडाला असेल तर मगभर पाणी ओता. दसऱ्याला दरवर्षी हेच सगळं पुन्हा होणार आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवलेलं बरं.

पहिली धुलाई

सामान फार लागत नाही: दोन बादल्या, चाकांसाठी तिसरी जुनी बादली, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा वॉश मिट म्हणजे हातमोजा, पाणी टिपायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल आणि मऊ ब्रश. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड घरातच ठेवा. ती तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे गाडीवरचं वॅक्सही उतरवतात.

सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत धुवा. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर थांबा, कारण तापलेल्या पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आत वाळतो.

आधी चाकं, मग अंग. उलट केलंत तर चाकांची काळी घाण धुतलेल्या दारांवर उडते आणि चाकं घासेपर्यंत अंगावरचं पाणी वाळून डाग पडतात. चाकांचं सविस्तर पुढे येईल.

अंगाला हात लावण्याआधी नुसत्या पाण्याने गाडी नीट भिजवा, वरून खाली. सुटी माती जितकी पाण्याने जाईल तितकी मोज्याखाली कमी येईल. कोकणातून किंवा महाबळेश्वरकडून आलात तर लाल माती मडगार्डच्या कडांत आणि दारांच्या खालच्या पट्टीत घट्ट बसते. तिथे दोनदा पाणी मारा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नोझल फूटभर तरी लांब ठेवा.

मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालायचा. साध्या पाण्याची बादली काही मिनिटांत गढूळ होते. ती माती एरवी रंगावर फिरली असती. आधी टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. बंपरचा खालचा भाग आणि दारांच्या तळाच्या पट्ट्या अगदी शेवटी, कारण खडे तिथेच असतात. हात सरळ रेषेत, हलका. मोजा जमिनीवर पडला तर तो धुवून, कण काढूनच परत वापरा. नाहीतर दुसरा घ्या.

शेवटचं पाणी पाइपचं नोझल काढून संथ धारेने सोडा. पाणी पडद्यासारखं घसरत जातं आणि टिपायला फार उरत नाही. टॉवेल घासू नका. पसरून ठेवा, हलकं दाबा आणि उचला.

पाणी कुठलं, हेही पाहा. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते वाळले की पांढरे गोल डाग उरतात आणि उन्हात भाजले की घट्ट बसतात. घरच्या आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची पद्धत आता बऱ्याच घरांत आहे. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते पायपुसण्या आणि मडगार्डच्या आतल्या चिखलासाठी ठेवा. शेवटच्या धुण्याला नगरपालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. ताजे डाग पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, मिनिटभर ठेवून निघतात. लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका.

हाताला खरखरीत लागतंय?

गाडी नवी असली तरी चाकणहून असो वा मानेसरहून, ती आधी यार्डात उभी राहिलेली असते, ट्रकवरून किंवा रेल्वेने आलेली असते. लोखंडाचे बारीक कण रंगात रुतलेले असू शकतात. धुतलेल्या, ओल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर काही करू नका. खरखर लागली तर आधी आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंड असेल तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि वाळायच्या आत धुवा. तरीही खरखर राहिली तरच मऊ क्ले बार, म्हणजे रंगावरचे कण उचलणारी मातीसारखी वडी, तोही भरपूर शाम्पूच्या पाण्यावर, न दाबता. उगाच क्ले फिरवू नका, त्यानेही पुसट ओरखडे येतात.

चाकं

पुढची चाकं मागच्यांपेक्षा लवकर काळी पडतात, कारण ब्रेकचं जास्त काम पुढे होतं. तो काळा थर म्हणजे ब्रेक पॅड आणि डिस्कची झीज. कण तापलेले असताना अलॉयच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, बसतात, पावसाच्या पाण्याने गंजतात आणि नारिंगी ठिपके होऊन चिकटून राहतात. म्हणून चाकांचं संरक्षण गाडी नवी असतानाच करावं, एकदा थर बसल्यावर ते काम जड होतं.

गाडी चालवून आल्यावर चाकं पूर्ण थंड होऊ द्या. एकेक चाक घ्या: पाणी, मग शाम्पू, मग मऊ ब्रशने आऱ्यांमधल्या फटी, नटांचे खळगे आणि आतली बाजू. चाकांचा मोजा आणि ब्रश अंगाला कधीही लावायचा नाही. ॲसिडवाले व्हील क्लीनर टाळा. विशेषतः डायमंड कट अलॉयला, ज्याचा दर्शनी भाग चकचकीत कापलेला असतो. त्याचं लॅकर कुठे उडालं, फुटपाथला घासलं, की पाणी आत शिरून पांढऱ्या मुळ्यांसारखा गंज पसरतो. स्टीलच्या चाकांच्या कॅप मधूनमधून काढून आतला चिखल धुवा.

धुतल्यावर गाडी थोडी चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क वाळतात. नाहीतर सकाळी डिस्कवर नारिंगी थर दिसतो. तो निरुपद्रवी असतो, पहिल्या काही ब्रेकमध्ये जातो. टायर पॉलिश लावायचंच असेल तर अगदी थोडं, फक्त बाजूच्या भिंतीला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच नको, टायर घसरतो.

थर कुठला लावावा

कारखान्यातला रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो, त्यामुळे वॅक्स लावायला महिने थांबायची गरज नाही. थांबावं लागतं ते अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला.

कार्नोबा वॅक्स, म्हणजे ताडाच्या पानांपासूनचं मेण, सुंदर चमकतं, पण आपल्या उन्हात आणि पावसात लवकर उतरतं. घरी करणाऱ्यांना मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, सुचवेन. स्वच्छ, कोरड्या, थंड अंगावर एका वेळी एकच भाग घेऊन अगदी पातळ लावा, डबीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसणं अवघड होतं. हाच सीलंट चाकांनाही लावा. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, एवढं नियमाने केलं तरी पुष्कळ. मॅट रंगाच्या गाडीला मात्र वॅक्स-पॉलिश काहीच नको, तिची उत्पादनं वेगळी असतात.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला पातळ, कडक थर. त्याने पाणी आणि घाण सहज चिकटत नाही, धुणं सोपं होतं. पण जाहिरातीतला 9एच हा पेन्सिलने मोजलेल्या कडकपणाचा आकडा आहे, त्याने दगडाचा टवका थांबत नाही. तो थांबवतो पीपीएफ, म्हणजे साधारण 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आठवड्याला ये-जा असेल तर निदान बॉनेटची कड, बंपर आणि आरशांना ती लावून घेणं मला पटतं.

रोजच्या रोज

सोसायटीत पहाटे गाडी पुसणारे दादा एका फेरीत बऱ्याच गाड्या उरकतात. त्यांच्याशी नीट बोला: रोज कोरडा फडका नको, आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुवा. फडके आपले द्या आणि ते आपल्याच घरी धुवा. धूळ बसलेली गाडी तशीच राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. कोरड्या धुळीवर फडका फिरला की बिघडतं.

पक्ष्याची शीट पडली तर खरवडू नका. ओला टॉवेल पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवा आणि उचलून घ्या. उन्हात मात्र ती दिवसभर राहू देऊ नका. बेसमेंट पार्किंगमध्ये स्लॅबमधून चुन्याचं पाणी ठिबकत असेल तर आधी जागा बदला. तो पांढरा ओघळ अल्कधर्मी असतो, वाळला की दगडासारखा होतो आणि खाली रंग खातो. कव्हर घालायचं तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच. उघड्यावर, वाऱ्यात उभी राहणारी गाडी असेल तर कव्हर न घातलेलंच बरं, कारण ते फडफडताना मधली धूळ रंगावर घासत राहतं.