लंडनमध्ये पैसे कुठे गळतात: या चुका टाळा

लंडन महाग आहे यात वाद नाही. पण तिथे जाऊन आलेल्या कुटुंबांचा हिशेब मांडला, तर बजेट बहुधा राजवाडे आणि किल्ले बघण्यात कोसळलेलं नसतं. ते स्टेशनच्या गेटवर, हॉटेलच्या पत्त्यात आणि 'पाणी कुठलं आणू?' या वेटरच्या प्रश्नात थोडंथोडं झिरपून गेलेलं असतं. शहरातल्या उत्तम गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक फुकट आहेत, फक्त त्यांची वेळ आणि रीत माहीत हवी. खाली दिलेले दर २०२५ सालचे आहेत. ट्यूबचं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचं, भाडं साधारण दरवर्षी मार्चमध्ये बदलतं, म्हणून निघण्याआधी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन'च्या, म्हणजे टीएफएलच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका. रुपयांचा अंदाज घेताना पौंड ११५ रुपयांच्या आसपास धरला आहे.

विमानतळावरून निघतानाच

हीथ्रोला उतरल्यावर सगळ्यात ठळक पाटी दिसते ती हीथ्रो एक्स्प्रेसची. ही गाडी १५ मिनिटांत पॅडिंग्टनला पोचवते, पण ऐनवेळी तिकीट काढलं तर माणशी २५ पौंड मोजावे लागतात. त्याच विमानतळावरून एलिझाबेथ लाइन १३.९० पौंडांत अर्ध्या-पाऊण तासात थेट शहराच्या मध्यात नेते. पिकॅडिली लाइनची ट्यूब फक्त ५.८० पौंड घेते, वेळ तासभर. चार मोठी माणसं असतील, तर एक्स्प्रेस आणि पिकॅडिली यांतला फरक एका फेरीत पावणेनऊ हजार रुपयांवर जातो. शिवाय पॅडिंग्टनला उतरून पुढे ट्यूब पकडायचीच असते, मग वेळ वाचला कुठे?

विमान मध्यरात्री उतरलं तर टॅक्सीकडे धावण्याआधी एन-९ ही रात्रीची बस बघा. ती हीथ्रोहून ट्रॅफल्गर स्क्वेअरमार्गे ऑल्डविचपर्यंत जाते आणि भाडं साध्या बसचंच, १.७५ पौंड. मोठ्या बॅगा नसतील तर हा सौदा उत्तम.

कार्ड टेकवण्यातल्या चुका

कागदी तिकीट काढू नका. भाड्यासाठी लंडनचे झोन पाडले आहेत, १ म्हणजे शहराचा मध्य आणि पुढचे आकडे बाहेर पसरत जाणारे. झोन १ मधला जो ट्यूबप्रवास कार्ड टेकवून २.८० ते २.९० पौंडांत होतो, त्याचं कागदी तिकीट ७ पौंडांना पडतं. बसमध्ये तर रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत.

वीजा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेसचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर चालतं. मात्र भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी बहुधा बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार त्या आपण स्वतः चालू कराव्या लागतात. हे काम घरी बसून बँकेच्या ॲपमध्ये करा. लंडनच्या गेटवर मागे रांग लागलेली असताना ओटीपी शोधत बसणं सुखाचं नाही.

त्यापुढच्या चुका अशा:

एकाच कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, आणि आत जाताना टेकवलेलंच कार्ड बाहेर पडताना टेकवावं लागतं. पाकीट उघडून तसंच यंत्राला लावलं, तर आतल्या चार कार्डांपैकी भलतंच वाचलं जाऊ शकतं. मग यंत्रणेच्या दृष्टीने दोन अर्धवट प्रवास होतात आणि दोन्हींना कमाल भाडं लागतं. कार्ड पाकिटाबाहेर काढून टेकवायची सवय लावा.

ट्यूबमध्ये आत आणि बाहेर दोन्हीकडे टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. ग्रिनिचकडे जाणाऱ्या डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) गाड्यांच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं, नुसतं खांबावरचं कार्ड वाचणारं यंत्र असतं. पाहुणे इथेच विसरतात. बाहेर पडताना टेकवायचं राहिलं, तर टीएफएलच्या संकेतस्थळावर कार्ड नोंदवून परतावा मागता येतो. काही बदलीच्या स्टेशनांवर गुलाबी रंगाचं तसंच यंत्र दिसेल. झोन १ टाळून बदली केली असेल, तर तिथेही कार्ड टेकवा. भाडं कमी लागतं.

फॉरेक्स कार्डात पौंड काठोकाठ ठेवू नका. दिवसभराचं भाडं एकत्र होऊन रात्री वळतं होतं. तेव्हा शिल्लक पुरली नाही, तर ती रक्कम चुकती होईपर्यंत कार्ड गेटवर नाकारलं जातं.

आता दिवसाची कमाल मर्यादा. झोन १-२ मध्ये दिवसभर कितीही फिरलात तरी ८.९० पौंडांपुढे भाडं चढत नाही. नुसत्या बसने फिरलात तर ५.२५ पौंडांपुढे नाही. बसच्या पहिल्या टेकवणीपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. आठवड्याचीही मर्यादा आहे, झोन १-२ साठी ४४.७० पौंड. पण ती सोमवार ते रविवार अशीच मोजली जाते. गुरुवारी पोचून पुढच्या बुधवारी निघणाऱ्याला तिचा काहीच उपयोग नाही. अशा वेळी ऑयस्टर कार्डावर (टीएफएलचं पैसे भरून वापरायचं कार्ड) सात दिवसांचा ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे पास, घालता येतो. त्याची किंमत तेवढीच, आणि तो कुठल्याही वारी सुरू होतो. तोही डोळे मिटून घेऊ नका. ४४.७० भागिले ८.९० म्हणजे पाच दिवस, म्हणजे पाचापेक्षा जास्त दिवस रोजची मर्यादा गाठणार असाल तरच तो परवडतो, आणि ऑयस्टर कार्डाची परत न मिळणारी किंमत वर. चालायची आवड असलेल्याची ती मर्यादा क्वचितच गाठली जाते.

चालण्यावरून एक. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे ट्यूबमधलं सगळ्यात छोटं अंतर आहे, जेमतेम २६० मीटर. तेवढ्यासाठी तीनेक पौंड मोजून जमिनीखाली उतरणारे रोज दिसतात. ट्यूबचा नकाशा अंतरं दाखवत नाही, फक्त जोडण्या दाखवतो. मध्य लंडनमध्ये रस्त्याचा नकाशा बघूनच ठरवा.

हीथ्रोचा प्रवास सोडला, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९.३० आणि दुपारी ४ ते ७ या वेळा टाळल्याने ट्यूब स्वस्त पडते. झोन १ मधल्या मधे फरक दहा पेन्सचा, लांबून येणाऱ्याला बराच.

मुलांची सवलत कुणी आपणहून सांगत नाही

अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये फुकट जातात, एका मोठ्यामागे चार. बसमध्येही फुकट. ११ ते १५ वयाच्या मुलाला मात्र कॉन्टॅक्टलेस कार्ड दिलंत, तर पूर्ण भाडं कापलं जाईल. त्याच्यासाठी ऑयस्टर कार्ड घ्या आणि ट्यूब स्टेशनच्या कर्मचाऱ्याला 'यंग व्हिजिटर' सवलत चढवायला सांगा. १४ दिवसांपर्यंत अर्ध्या भाड्यात काम होतं. मूल सोबत हवं.

राहण्याची जागा

'लंडन' नाव असलेलं स्वस्त हॉटेल झोन ६ मध्ये निघतं, तेव्हा रोजच्या प्रवासाची कमाल मर्यादा ८.९० वरून १६.३० पौंडांवर जाते. दोघांचे पाच दिवस धरले तर ७४ पौंड, म्हणजे साडेआठ हजार रुपये, आणि रोजचे दोन तास वेगळे. खोलीचं भाडं आणि प्रवास यांची बेरीज करूनच तुलना करा. झोन २ आणि ३ मध्ये ट्यूब स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतलं ठिकाण बहुतेकांना सोयीचं पडतं.

उन्हाळ्यात जाणार असाल तर विद्यापीठांच्या वसतिगृहांकडे बघा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था विद्यार्थी सुट्टीवर गेले की खोल्या पाहुण्यांना देतात. जागा मोक्याची, खोली साधी. बाथरूम सामायिक आहे का, एवढं नीट वाचा.

व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणाऱ्या दराचं आरक्षण करू नका, भले ते वीस टक्के स्वस्त असो. आणि शेंगेन व्हिसावर लंडन होत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्याची फी वेगळी. पॅरिसला जोडून 'दोन दिवस लंडन' करू म्हणणाऱ्यांचं गणित इथेच फसतं.

खाणं

घरून नेण्याचा पहिला नियम: पेढे, बर्फी, तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, जप्त होतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेलातले मेथीचे ठेपले चालतात. दही न घालता करा. सोबत तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॅप्टर घ्या, कारण आपला गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, आणि मग खोलीतल्या किटलीच्या जोरावर उपमा-पोह्यांची तयार पाकिटं निभावून नेतात.

दुपारी रेस्टॉरंटऐवजी टेस्को, सेन्सबरीज, बूट्स यांची 'मील डील' घ्या. सँडविच, काहीतरी चटकमटक आणि पेय मिळून चार-पाच पौंडांत होतं. या तीन वस्तू एकत्र घेतल्या तरच तो दर लागतो, आणि योजनेत नसलेलं पेय उचललं की पूर्ण किंमत. दोन वस्तूंसाठीही लोक त्याहून जास्त देऊन जातात, म्हणून फळीवरची चिठ्ठी वाचा. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते हे की 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्यात अंडं असू शकतं, अंडा-मेयोचं सँडविचसुद्धा तिथे व्हेजिटेरियनच. 'व्हीगन' लिहिलेलं घेतलंत तर प्रश्न मिटला. संध्याकाळी उशिरा त्याच दुकानांत पिवळ्या चिठ्ठीचा माल लागतो. ब्रेड, सॅलड, तयार जेवण बऱ्यापैकी उतरलेल्या दरात मिळतं.

रविवारी सावध. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी सलग सहाच तास उघडी असतात, सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या दरम्यान. संध्याकाळी सातला पोचलात की कोपऱ्यावरच्या छोट्या, महाग दुकानाशिवाय पर्याय उरत नाही.

रेस्टॉरंटमध्ये पाणी विचारलं की 'टॅप वॉटर' असं स्पष्ट म्हणा. मद्यपरवाना असलेल्या जागांना ते फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसतं 'वॉटर' म्हणालात तर बाटली येते आणि बिलात चढते. बिलाखाली बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. 'डिस्क्रेशनरी' लिहिलं असेल तर ते ऐच्छिक असतं, सेवा आवडली नसेल तर काढायला सांगता येतं. ते भरलं असेल, तर वर आणखी टिप देऊ नका.

गरम भारतीय जेवण हवं असेल तर पर्यटकांच्या गर्दीतलं झगमगीत 'इंडियन' टाळून युस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटला शाकाहारी जेवण बघा, किंवा साउथॉलला जा. हाउन्सलोला मुंबईकरांनी २०१० मध्ये सुरू केलेलं श्री कृष्ण वडापाव आहे. पिकॅडिली लाइनवरच येतं, त्यामुळे हीथ्रोला जाता-येता पोटपूजा उरकता येते.

बघण्यातल्या चुका

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी, सायन्स, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, टेट मॉडर्न या सगळ्यांत कायमस्वरूपी दालनांना प्रवेश फुकट आहे. पैसे लागतात ते विशेष प्रदर्शनांना. प्रवेशाची फुकट वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी तासभर रांगेत जाईल. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री ८.३० पर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १० पर्यंत उघडं असतं. गर्दी ओसरलेली असते, ती वेळ साधा. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं चुकवू नका (ही अमरावती आंध्रातली, वऱ्हाडातली नव्हे). व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला फक्त वाघनखं बघायला जाणार असाल तर थांबा: जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात पाठवण्यात आली.

उंचावरून शहर बघायला लंडन आय हा भलामोठा पाळणा किंवा शार्ड ही उंच इमारत यांच्या तिकिटाची गरज नाही. फेंचर्च स्ट्रीटवरचं स्काय गार्डन फुकट आहे. पुढच्या तारखा साधारण तीन आठवडे आधी, सोमवारी खुल्या होतात आणि सूर्यास्ताच्या वेळा लगेच संपतात. ती हुकली तर बिशप्सगेटवरचं होरायझन २२ बघा, तेही फुकट. आरक्षणाची कटकटच नको असेल तर प्रिमरोज हिलवर चढा. त्याच टेकडीजवळ, १० किंग हेन्रीज रोडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघा. जवळचं स्टेशन चॉक फार्म.

वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स यांचं तिकीट २५-३० पौंडांच्या घरात आहे. पण बहुतेक दिवशी संध्याकाळी ५ वाजता तिथे 'इव्हनसाँग' ही गायनप्रार्थना होते आणि तिला प्रवेश फुकट. वीस मिनिटं आधी पोचा, फोन बंद ठेवा. फिरून बघायला किंवा फोटो काढायला मिळत नाही, ती प्रार्थना आहे. आमच्या मते तिकीट काढून हेडफोन लावून फिरण्यापेक्षा तिथे बसून ते गायन ऐकणं जास्त मोलाचं.

ग्रिनिच वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशावर पाय ठेवून फोटो काढायला तिकीट लागतं. तीच रेषा बाहेरच्या भिंतीवरही आखलेली आहे, तिथे रांगही नसते.

टॉवर ऑफ लंडनचे पैसे मात्र द्या. कोहिनूर तिथे आहे, आणि अर्धा दिवस सहज जातो. पण त्यासाठी सरसकट पर्यटन-पास घेऊ नका. दिवसाला तीन महागडी ठिकाणं पळत पळत उरकलीत तरच तो वसूल होतो.

पैसे देताना, खरेदी करताना

दुकानातलं यंत्र किंवा एटीएम 'रुपयांत देता की पौंडांत?' असं विचारतं. पौंडच निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूचा चढा दर लागतो. एटीएमवर 'फ्री कॅश विड्रॉल' लिहिलंय का ते बघा. छोट्या दुकानांतली काही यंत्रं वरून शुल्क घेतात, आणि तुमच्या बँकेचं वेगळं.

विमानतळावर व्हॅट परत मिळेल या हिशेबाने खरेदी करू नका. लंडनसह ग्रेट ब्रिटनमध्ये पर्यटकांसाठीची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. ज्या घड्याळाचा किंवा पर्सचा भाव परतावा वजा करूनच परवडत असेल, ती पॅरिसला घ्या, किंवा घेऊ नका.