मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांना ग्रीस कसं द्यायचं

मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश मोटार घेतली की मंडळी आधी पॉलिशचा डबा आणतात. माझं म्हणणं, आधी ग्रीसगन आणा. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये ओळखीतल्या कुणी जुनी मायनर घेतली, तर मी बोनेट उघडायच्या आधी पुढच्या चाकामागे डोकं घालतो.

गाडीचे डिझायनर इसिगोनिससाहेबांनी १९४८ सालच्या या गाडीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, दिले. वळणावर ती अजून झकास चालते. पण चाक ज्या उभ्या पिनवर वळतं, तिच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते ट्रनियनमध्ये, म्हणजे आतून आटे असलेल्या धातूच्या ठोकळ्यात, फिरतात. कोरडे पडले की झिजतात. मग एक दिवस पिन ट्रनियनमधून उपसून येते आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. बहुतेकदा हे पार्किंग करताना, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर होतं, एवढंच नशीब.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. गाडी उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक लोंबकळायलाच हवं, कारण वजन असताना आट्यांच्या एका बाजूला ग्रीस शिरतच नाही. दर चाकामागे वर एक, खाली एक असे निपल, म्हणजे ग्रीसगन लावायची छोटी तोंडं, दिसतील. फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर रेतीही आत जाईल. साधं लिथियम ग्रीस चालतं. काळं जाऊन ताजं बाहेर येईपर्यंत पंप करा, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पुन्हा पंप करा. ग्रीस जातच नसेल तर निपल बदला, अगदी स्वस्त असतो.

आता चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा. तशीच राहिली तर पिन-ट्रनियनचा, आणि मग गाडी रस्त्यावर काढू नका.

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना आता इथे सहसा एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, लागत नाही, त्यामुळे हे कुणी दुसरं तपासेल अशी आशा नको. मी दर हजार मैलांना ग्रीस देतो.

भाग मागवताना बाजू नक्की सांगा. डावीकडचे आटे उजवीकडे बसत नाहीत, आणि डावं-उजवं ठरवायचं ते ड्रायव्हरच्या जागी बसून, बोनेटसमोर उभं राहून नव्हे.