कार्डातले फोटो संगणकात, एकही न हरवता

साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायला कोणीही तासाभरात शिकते. ते फोटो संगणकात नीट उतरवणे मात्र बऱ्याच जणांना जमत नाही, कारण सांगणारा 'केबल लाव, कट कर, पेस्ट कर' एवढे सांगून मोकळा होतो. कपाटात पडलेले जुने छोटे कॅमेरे हल्ली कॉलेजातली मुले पुन्हा बाहेर काढू लागली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. बॅटरी चार्ज करणे वगैरे तुमचे तुम्ही पाहाल.

आधी कार्ड. जुन्या कॅमेऱ्यात नवे कार्ड घातले आणि 'कार्ड एरर' आला की लोक कॅमेऱ्याच्या नावाने खडे फोडतात. बहुतेक वेळा दोष कार्डाच्या जातीचा असतो. साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, आणि त्याच्या पुढचे एसडीएक्ससी. जुना कॅमेरा त्याच्या काळानंतरची जात ओळखत नाही. दुकानदार ६४ जीबीचे गळ्यात मारायला बघेल, पण कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेच घ्या. कार्ड घातले की कॅमेऱ्यातच एकदा फॉरमॅट करा, म्हणजे ते रिकामे करून नव्याने मांडून घ्या.

मग मेनूत जाऊन तारीख लावा, कारण बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की ती पुसली जाते. डिजिटल झूम बंद करा, तो नुसता मधला तुकडा कापून मोठा करतो. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापण्याची सोयही बंद. ते पिवळे आकडे आजीच्या लुगड्यावर कायमचे बसतात, आणि तारीख तशीही फाईलच्या आत नोंदलेली असते.

फोटो काढताना एकच सवय लावून घ्या. बटण अर्धे दाबा, थांबा, हिरवी चौकट दिसली की पूर्ण दाबा. अर्ध्या दाबात कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवतो. फोनसारखे एकदम टिचकी मारलीत तर फोटो उशिरा निघतो आणि तोवर पोर पळालेले असते.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळीचा (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा) फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. तो मारला की समोरचा नारळ पांढराफटक होतो, सुपारीच्या घोसाची काळी सावली मागच्या भिंतीवर पडते आणि गणपती अंधारात जातो. कॅमेरा टेबलावर किंवा खिडकीच्या कठड्यावर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, हात काढून घ्या. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत उलटी अडचण होते. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन मीटर पोचतो, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या चित्ररथावर तो मारणे फुकट. रथाच्या स्वतःच्या दिव्यांवर भरवसा ठेवा आणि रथ थांबला की बटण दाबा.

वाळू आणि दमट हवा हे आपल्याकडचे खास शत्रू. किनाऱ्यावर कॅमेरा पिशवीबाहेर चालू ठेवून बसू नका. आत-बाहेर होणाऱ्या भिंगाच्या नळीत वाळूचा एक कण शिरला तरी ती अडकते. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पाउचमध्ये ठेवला तर भिंगावर बुरशी येते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका. तांदूळ नको, त्याची भुकटी आत जाते.

आता संगणकाकडे वळू. इथे घाई करू नका.

केबल विसरा. जुन्या कॅमेऱ्यांच्या केबली वेगवेगळ्या तोंडांच्या, त्यात निम्म्या हरवलेल्या. सापडलीच तर कॉपी चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी संपते. काहीशे रुपयांचा कार्ड रीडर आणा. तो घेताना आपल्या जातीचे कार्ड वाचतो ना ते विचारा, कारण जुने रीडर एसडीएक्ससी वाचत नाहीत.

कार्ड रीडरमध्ये घालण्याआधी त्याच्या डाव्या कडेचा बारीक खटका नखाने सरकवा, बाणाच्या दिशेने 'लॉक'कडे. हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि सगळ्या मार्गदर्शकांनी पहिल्या ओळीत लिहायला हवे. खटका लॉकवर असला की संगणकाला कार्ड फक्त वाचता येते, पुसता येत नाही. अगदी स्वस्तातला रीडर कधीकधी हा खटका मानत नाही, म्हणून पुढची काळजी तरीही घ्या.

कार्ड घातले की 'फोटो इम्पोर्ट करू का' अशी खिडकी उघडते. ती बंद करा. तिच्यात 'इम्पोर्टनंतर मूळ फोटो काढून टाका' अशी चौकट असते आणि तिच्यावर चुकून टिक केलेली राहते. त्यापेक्षा फाईल एक्सप्लोररमधून कार्ड उघडा. आत डीसीआयएम नावाचे फोल्डर दिसेल, त्यात १०० पासून सुरू होणारी फोल्डरे. तिथे लोक पहिल्याच फोल्डरमधले फोटो निवडतात आणि १०१ मधले तसेच राहतात. काही कॅमेरे व्हिडिओ तर डीसीआयएमच्या बाहेर 'प्रायव्हेट' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात. म्हणून निवडानिवड नको, कार्डावर आहे ते सगळे उचला.

कंट्रोल-सी. कंट्रोल-एक्स कधीच नाही. कट केले की फाईल संगणकात गेल्यासारखी दिसते आणि लगेच कार्डावरून पुसली जाते. पण ती डिस्कवर पक्की लिहून व्हायला थोडा वेळ लागतो, आणि जुलैत तेवढ्यात वीज जायला कितीसा वेळ लागतो? मग फोटो ना इथे ना तिथे.

पेस्ट करण्याआधी प्रत्येक प्रसंगाचे नवे फोल्डर करा, वर्ष आधी: '२०२५-०८-२७ चवथ'. नाव देवनागरीत चालते. एकाच 'फोटो' फोल्डरात सगळे ओतायचे नाही, आणि यामागे नीटनेटकेपणा नाही. कॅमेरा फायलींना डीएससी०००१ असे चार आकडी क्रमांक देतो, आणि काही कॅमेऱ्यांत फॉरमॅटनंतर ते पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. नाही झाले तरी ९९९९ नंतर सुरू होतातच. ओळखीच्या एका घरी शिगम्याचे फोटो त्याच फोल्डरात टाकताना संगणकाने 'याच नावाच्या फायली आहेत, रिप्लेस करू का' असे विचारले. मुलाने हो म्हटले. आधीच्या चवथीतले पहिले सगळे फोटो गेले, आणि कळले ते पुढच्या चवथीला. तो प्रश्न आला की हात थांबवा, रद्द करा आणि वेगळे फोल्डर उघडा. मेनूत फाईल क्रमांकाची सोय असेल तर ती 'कंटिन्युअस'वर ठेवा.

कॉपी झाली म्हणजे काम झाले असे नाही. कार्डावरचे फोल्डर आणि संगणकातले फोल्डर, दोन्हींवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहा. फायलींची संख्या आणि आकार जुळायला हवा. नंतर चार-पाच फोटो मोठे करून उघडा, शेवटचा धरून. छोट्या चित्रांवर जाऊ नका. ते छोटे चित्र फाईलच्या सुरुवातीलाच साठवलेले असते, त्यामुळे फोटोचा खालचा अर्धा भाग करडा झाला असला तरी ते छान दिसते.

आता इजेक्ट करून कार्ड काढा. २०१८ पासूनच्या विंडोजमध्ये हे फारसे गरजेचे नाही असे कोणी सांगेल, आणि ते बरोबरही आहे, पण मॅकवर लागतेच, मग एकच सवय बरी. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकून झाली की मगच कार्ड रिकामे करा, तेही खटका परत सरकवून कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करून. संगणकातून एकेक पुसत बसू नका, कॅमेऱ्याला आपली फोल्डरे आपल्या पद्धतीने मांडलेली लागतात.

एवढे करूनही चुकीचे कार्ड फॉरमॅट झाले तर त्यावर नवा एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने फोटो सहसा लगेच नाहीसे होत नाहीत, त्यांच्यावर नवे लिहिले गेले की जातात. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर बरेच परत आणते. फायलींची नावे मात्र येत नाहीत.

छापायला देताना स्टुडिओत कार्ड देऊ नका, तिथल्या संगणकात दिवसभर कुणाकुणाचे पेनड्राइव्ह लागलेले असतात. निवडक फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसतात. छोट्या कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन मापाचा असतो आणि ४×६ चा कागद तीनास दोन, त्यामुळे वरखालचा मिळून नववा भाग कापला जातो. माटोळीची वरची चौकट किंवा उभ्या माणसाचे पाय तिथेच जातात. काढतानाच वर-खाली थोडी जागा सोडा, नाहीतर मेनूत तीनास दोन माप मिळते का ते पाहा.