मणक्यात स्क्रू बसवण्याआधी हाडांची तपासणी : या चुका टाळा

मणक्याचं फ्युजन, म्हणजे स्क्रू घालून मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, ठरलं की एमआरआय, ईसीजी, साखर सगळं तपासून होतं. हाड स्क्रू धरून ठेवेल का, हा प्रश्न मात्र बरेचदा राहून जातो. हाड ठिसूळ असेल तर स्क्रू ढिले होतात, दोन मणक्यांमध्ये बसवलेला आधाराचा ठोकळा (केज) मणक्यात रुततो, नाहीतर स्क्रूंच्या लगेच वरचा मणका पिचकतो. ६५ च्या पुढच्या बायका आणि ७० च्या पुढचे पुरुष यांची तपासणी करायचीच. पन्नाशीनंतर स्टिरॉइड, धूम्रपान, लवकर गेलेली पाळी किंवा जुनं फ्रॅक्चर असेल तरीही करायची.

फक्त कंबरेच्या डेक्सावर विसंबणं
सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी. तिचं मशीन किरणांच्या वाटेत येणारं सगळं कॅल्शियम मोजतं. झिजलेल्या मणक्यांवर वाढलेली हाडं, जाड झालेले सांधे, समोरच्या महाधमनीत साठलेला चुना, सगळं हिशेबात येतं. पिचकलेला मणकाही दाट दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत बसलेलं असतं. म्हणजे ज्यांना ऑपरेशनची गरज आहे, नेमका त्यांचाच टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) खोटा चांगला येतो.

म्हणून चिठ्ठीवर ‘कंबर आणि खुबा’ असं स्पष्ट लिहून घ्या. शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोअर १ हून जास्त वेगळा असलेला मणका, तसंच आधी ऑपरेशन झालेला मणका हिशेबातून वगळतात. किमान दोन मणके उरत नसतील तर कंबरेचा आकडा सोडून द्यायचा आणि मनगटाकडच्या हाडाचं, म्हणजे रेडियसच्या खालच्या एक-तृतीयांश भागाचं माप घ्यायचं. ग्राह्य जागांपैकी सर्वांत कमी टी-स्कोअर धरायचा. तो -२.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. रिपोर्टमधली सरासरी वाचून खूश होऊ नका.

शिबिरातली टाचेची तपासणी पुरेशी मानणं
मोफत शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून मिळतो तो अल्ट्रासाउंडचा आकडा. -२.५ ची मर्यादा त्याला लागू नाही. त्यावरून निदानही करू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

हातातला सीटी स्कॅन वाया घालवणं
ऑपरेशनसाठी सीटी झालाच असेल तर त्यातूनच हाडाचा अंदाज येतो, वेगळा खर्च नाही. एल१, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात वरच्या मणक्याच्या मधल्या जाळीदार भागात, कडेचं टणक हाड आणि मागची शीर टाळून, वर्तुळ काढून हौन्सफील्ड युनिट (सीटीवरचं घनतेचं माप) मोजतात. १६० च्या वर असेल तर ऑस्टिओपोरोसिसची शक्यता कमी, ११० च्या खाली असेल तर बरीच जास्त. हे आकडे १२० केव्हीवर (मशीनचा व्होल्टेज) काढलेल्या सीटीसाठी आहेत. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) दिला असेल तर आकडा वाढतो, हे विसरू नका.

चांगल्या टी-स्कोअरवर जुनं फ्रॅक्चर दुर्लक्षित करणं
उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला असेल किंवा मणका आपोआप पिचकला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमी घटली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून पिचकलेला मणका शोधा. मधुमेहात घनता ठीक दिसूनही हाड कमजोर असू शकतं.

निदान झालं की नुसत्या कॅल्शियमवर भागवणं
आधी कारण शोधा : २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन), टीएसएच (थायरॉइडसाठी), आणि मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. डी कमी असेल तर ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे असते. ती चुकून रोज घेणारे कमी नाहीत, आणि त्यानं रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर हाड बांधणारं औषध, उदाहरणार्थ रोज २० मायक्रोग्रॅम टेरिपॅराटाइड, शक्य तर दोनेक महिने आधी सुरू करून नंतरही चालू ठेवतात. हाडांवर आधी रेडिएशन झालेल्यांना ते देत नाहीत.

लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायाची ताकद झपाट्यानं जात असेल तर मात्र डेक्सासाठी ऑपरेशन लांबवायचं नाही. सीटीवरचा आकडा सर्जनला आधी कळला, तर जाड स्क्रू, सिमेंट किंवा जास्त मणके जोडणं याची तयारी ठेवता येते. औषधं मागाहून सुरू होतात.