घरची बोली रेकॉर्ड करायची असेल तर

भवानी पेठेतल्या आमच्या पद्मशाली घरात तेलुगू आता आईपाशीच येऊन थांबलीय. माझ्या मुलांना कळते, पण उत्तर मराठीत येतं. तुमच्या घरी कैकाडी असो की मारवाडी, रेकॉर्डिंग याच आठवड्यात सुरू करा.

शब्दांची यादी विचारत बसू नका, माणूस अवघडतो. काम करायला लावा. मी आईसमोर विडीचं सूप ठेवते. पान फर्म्यावर धरून कातरणं, जर्दा भरणं, वळणं, दोरा बांधून तोंड मुडपणं. हात चालू झाले की बोलीही सुटते, मुकादमाच्या तक्रारींसकट. जमलं तर तिच्या वयाची शेजारीण शेजारी बसवा. आपल्याशी बोलताना आई निम्मी मराठी बोलते, तिच्याशी नाही.

पंखा बंद, कुकर उतरवलेला, फोन फ्लाइट मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, हातभर अंतरावर. सुरुवातीलाच तारीख, जागा, बोलणाऱ्याचं मूळ गाव आणि त्यांची परवानगी आवाजातच घ्या. फाइलला तारखेचं नाव द्या, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. देवनागरीत उतरवताना मिनिट-सेकंद लिहाच, म्हणजे तो उच्चार पुन्हा ऐकता येईल, कारण तेलुगूतले ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए', 'ओ' आपल्या नेहमीच्या लिपीत सारखेच दिसतात.

आणि कुणाचंही बोलणं सुधारू नका. 1853 पासून बेल्जियमचे शेतकरी अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेच्या आसपास जाऊन वसले. तिथेही त्यांनी नामूर, ब्रुसेल्स अशी गावं केली. घरात बोलायचे वालून, ही बेल्जियममधली फ्रेंचच्या जवळची पण वेगळी भाषा. 1871 च्या आगीत वस्त्या जळाल्या, भाषा मात्र पुढेही कित्येक वर्षं टिकली. पण मान फ्रेंचला, शाळा इंग्रजीत, आणि वालून बहुतेकांना लिहिताही येत नव्हती. आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलू लागले आणि आज तिथे ती मोजक्या म्हाताऱ्यांकडेच उरलीय. 'आमची तेलुगू अशुद्ध' हे आमच्याकडेही सर्रास ऐकू येतं, म्हणून मला ही गोष्ट फार लागते.

तेव्हा नुसतं रेकॉर्डिंग पुरणार नाही. प्रश्न नातवंडांना विचारू द्या, त्याच बोलीत, मोडकेतोडके का होईना. पोरगं अडलं तरी मध्ये पडून मराठीत सांगू नका, आजी सांगेल.