घरात वाळवी लागली? पेस्ट कंट्रोलला पैसे देण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या आवराआवरीत आईने लॉफ्टवरचं पुठ्ठ्याचं खोकं खाली काढायला सांगितलं, मी उचललं तर खोक्याचं बूड वरच राहिलं. आत आईबाबांच्या लग्नाचा अल्बम होता. फोटो बरेचसे वाचले, पण काळी जाड पानं आणि मधला बटर पेपर वाळवीने खाऊन टाकला होता, पानांच्या जागी नुसती माती. बाबा काहीच बोलले नाहीत, एकेक फोटो पुसून पेपरवर मांडत बसले. आमचा पुण्यातला तळमजल्याचा फ्लॅट, बाजूला बागेची पट्टी, म्हणजे वाळवीला घरात यायला रस्ता मोकळाच. त्यानंतर वर्षभरात आम्ही ज्या चुका केल्या आणि दोनदा पैसे भरले ते इथे सगळं लिहितोय, निदान तुमचे तरी वाचोत.

पहिली चूक मी त्याच दिवशी केली. भिंतीवर मातीची नळी दिसली की हात शिवशिवतोच, मी झाडूने सगळी खरवडली, रॉकेल मारलं, वर झुरळांचा स्प्रे मारला आणि भिंत स्वच्छ दिसली म्हणून बरं वाटलं. पण आपल्याला दिसते ती कामकरी वाळवी, राणी आणि वारूळ खाली जमिनीत असतं, ते तसंच राहतं आणि वाळवी दुसऱ्या फटीतून वर येते. शिवाय नळ्याच पुसून टाकल्या तर तपासायला येणाऱ्या माणसाला ती कुठून येते हे कळणार कसं? म्हणून नळी दिसली तर आधी फोटो काढा, मग मधला बोटभर तुकडा तेवढा फोडा आणि बाकीची तशीच ठेवा. एकदोन दिवसांत तो तुकडा परत ओल्या मातीने बुजला तर वाळवी जिवंत आहे आणि ये-जा चालू आहे.

आणि आधी ती वाळवीच आहे ना तेही बघा, कारण इथेच खूप जणांचे पैसे चुकीच्या कामाला जातात. मातीच्या नळ्या किंवा लाकडाच्या आत माती दिसली तर जमिनीतली वाळवी. फर्निचरखाली मैद्यासारखा बारीक भुगा पडतोय आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आहेत तर तो लाकूड पोखरणारा भुंगा, त्याच्यासाठी जमिनीतल्या वाळवीसारखं फरशीला भोकं पाडून औषध सोडलं तर काहीही होणार नाही, औषध त्या लाकडातच जायला हवं. खसखशीसारखे कोरडे टणक दाणे पडत असतील तर ती सुक्या लाकडातली वाळवी, ती लाकडातच राहते, तिला जमीन लागत नाही. पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे आले की लोक घाबरतात, पण ते बाहेरून उजेडाला आले असतील तर एवढ्यावरून घरात वाळवी आहे असं होत नाही. तेच किडे तुमच्या चौकटीच्या फटीतून किंवा स्कर्टिंगमधून बाहेर पडताना दिसले तर मात्र लगेच माणूस बोलवा.

आता पैशाचं. आम्ही तीन कोटेशन घेतली आणि सगळ्यात स्वस्त धरलं, 3,500 रुपये, सगळे आधीच दिले. एक मुलगा पाठीवरचा पंप घेऊन आला, कपाटं, दारं, भिंतीचे कोपरे यांच्यावर फवारलं, पाऊण तासात गेला. घरभर इतका उग्र वास की आई म्हणाली औषध जोरदार दिसतंय. तीन महिन्यांनी किचनच्या दाराच्या चौकटीवर अंगठा दाबला तर रंगाचा पापुद्रा आत गेला, खाली लाकूडच नव्हतं. फोन केला तर म्हणे आम्ही वाळवीची नाही, जनरल पेस्ट कंट्रोलची सर्व्हिस दिली होती, आणि खरंच बिलावर तसंच लिहिलेलं, आम्ही वाचलंच नव्हतं. झुरळं-मुंग्यांच्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही वाळवी बहुतेक वेळा धरलेली नसते, हे विचारून घ्या. आणि वासावर जाऊ नका, वाळवीच्या औषधांपैकी क्लोरपायरीफॉसला उग्र वास येतो, इमिडाक्लोप्रिडला जवळपास येतच नाही, वास नाही म्हणजे पाणी मारलं असं समजून चांगल्या माणसाशी भांडू नका.

मग खरं काम कसं असतं? यासाठी आयएस 6313 नावाचं भारतीय मानक आहे, त्याचा तिसरा भाग आधीच बांधलेल्या घरांसाठी आहे. तळमजल्यावर भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे 12 मिलिमीटरची भोकं, दर 30 सेंटिमीटरला म्हणजे साधारण फुटाफुटावर, आणि प्रत्येक भोकात जमीन पिईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर औषधाचं पाणी. मग भोकं सिमेंटने बुजवायची. आता हिशोब करा, 10 बाय 12 ची खोली म्हणजे चार भिंतींची लांबी 44 फूट, म्हणजे 44 च्या आसपास भोकं, आणि जमीन पीत गेली तर 40-44 लिटर एका खोलीला. अख्ख्या घराला कुणी दहा लिटरचा कॅन घेऊन आला तर दारातच कळायला हवं. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं असेल तर लिटरला 2.1 मिली लागतं, म्हणजे त्या एका खोलीला 90 मिलीच्या आसपास. एवढं पाठ असलं की समोर उभं राहून मोजता येतं.

दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. सीलबंद बाटली आमच्यासमोर फोडायला लावली, एक्स्पायरी बघितली, लेबलचा फोटो काढला, बादलीत किती मेजरिंग कप पडले ते बाबा वहीत लिहीत होते. तो माणूस चिडला नाही, उलट स्वतःहून मोजून दाखवत होता. कृषी विभागाचं लायसन्स पण मागितल्याबरोबर दाखवलं, पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला ते लागतंच. 8,500 अधिक 18 टक्के जीएसटी, 10,030 रुपये झाले. अर्धे त्या दिवशी दिले आणि अर्धे महिन्याने तपासणी झाल्यावर, हे आधीच कोटेशनवर लिहून घेतलं होतं. सोबत औषधाचं नाव, किती टक्के, कुठल्या कुठल्या खोल्या, चौकटींना भोकं पाडणार की नाही, आणि वॉरंटीत काय. वॉरंटी म्हणजे बहुतेक ठिकाणी वाळवी परत आली तर परत औषध, खराब झालेल्या फर्निचरचे पैसे नाही, हे नीट वाचा. बिल नको म्हणून जीएसटी वाचवायला जाल तर वॉरंटी कशावर मागणार?

ड्रिल सुरू व्हायच्या आधी भिंतीतले पाण्याचे पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते दाखवा, आमच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमचा पाइप फुटला होता आणि ती ओल तर वाळवीला आमंत्रणच. गळती आधी काढा, नाहीतर औषधाचे पैसे वाया. वरच्या मजल्यावर राहत असाल तर फरशीला भोकं पाडून घेऊ नका, खाली माती नाही, स्लॅब आहे, तिथे डक्ट, चौकटी आणि लाकूड जिथे भिंतीला टेकतं तिथे काम हवं. आणि वाळवी असताना नवीन कपाट करू नका, आमच्या ओळखीत एकांनी जुनं फेकून त्याच भिंतीला नवीन प्लायचं कपाट केलं, ते पण खाल्लं. घराचं काम काढणारच असाल तर फरशी बसवायच्या आधी औषध मारून घ्या.

त्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई घरात नको, पिण्याचं पाणी-भांडी झाकून ठेवा, माशांची टाकी असेल तर ती दुसऱ्याकडे नेऊन ठेवा कारण यातली बरीच औषधं माशांना मारतात. कोकणात घर असेल तर अजून एक गोष्ट. आमच्या काकांच्या जांभ्याच्या घराला मागच्या पडवीला लागूनच विहीर आहे, एकाने तिथेही भोकं पाडून औषध सोडायची तयारी केली होती, काकूने थांबवलं म्हणून बरं. जांभ्यातून पाणी झिरपतं, घर त्याच विहिरीचं पाणी पितं. त्या बाजूला जमिनीत काहीच सोडलं नाही, चौकट काढून लोखंडी बसवली आणि पडवीत रचलेली लाकडं उचलून लांब गोठ्याकडे नेली.