पासाचा फॉर्म: आधी नाव, मग बाकी सगळं

विमानात सामान चढवणाऱ्या आमच्या पोरांचे विमानतळ प्रवेश पास काढायचं काम माझ्याकडे आहे. खरा अर्ज बीसीएएसच्या, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी ब्युरोच्या, पोर्टलवरच. त्याआधी माहिती गोळा करायला मी गूगल फॉर्म बनवते.

नावाचा एकच रकाना ठेवू नका. पहिलं, वडिलांचं, आडनाव असे तीन करा आणि खाली ठळक लिहा, 'आधारवर आहे तसंच'. आमचा एक जण आधारवर दत्तात्रय, दहावीच्या सनदेवर दत्ता! आठवडा गेला त्यात.

जन्मतारखेला 'तारीख' हाच प्रकार निवडा, नाहीतर ०५/०६ म्हणजे मे की जून, बसा विचारत. पत्ते दोन घ्या, कायमचा आणि सध्याचा. पोलीस पडताळणीत दोन्ही लागतात. विमानतळाच्या कुठल्या भागात जायचं हे मात्र उमेदवाराला विचारूच नका, सगळे सगळ्यावर टिक करतात. ते सुपरवायझरकडून भरून घ्या.

फाइल अपलोड ठेवलं तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. निम्म्यांना पासवर्ड आठवत नाही. म्हणून कागद मी टेबलावरच स्कॅन करते.

आणि उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी उघडी ठेवू नका. आधार नंबर आहेत त्यात, बाबांनो.